गुंतवणूक म्हणून दुसरे घर : महाराष्ट्रातील गृहबाजाराचे स्वरूप आणि नवख्या गुंतवणूकदाराने करावयाचा विचार

गोषवारा

नोकरदार मध्यमवर्गात, विशेषतः अध्यापक वर्गात, राहत्या घराव्यतिरिक्त दुसरी सदनिका अथवा भूखंड घेण्याकडे कल दिसतो. निवृत्तीनंतरचे उत्पन्न हा त्यामागील प्रमुख हेतू असतो. मात्र राहण्यासाठी घर घेणे व गुंतवणूक म्हणून घर घेणे हे दोन भिन्न आर्थिक निर्णय आहेत, याची जाणीव अनेकदा व्यवहार पूर्ण झाल्यावर होते. प्रस्तुत लेखात गृहबाजाराची वैशिष्ट्ये, महाराष्ट्रातील कायदेशीर चौकट, परताव्याचे गणित आणि कागदपत्रांची तपासणी यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : गृहबाजार, भाडेपरतावा, चटईक्षेत्र, महारेरा, अभिहस्तांतरण, मुद्रांक शुल्क.

१. प्रस्तावना

'घर पाहावे बांधून' ही म्हण आपल्याकडे पूर्वापार आहे. घर उभे करणे किती कष्टाचे, हे त्या म्हणीतून सांगितले जाते. आज मात्र घर बांधण्याऐवजी ते विकत घेतले जाते, आणि एक घर असताना दुसरेही घेतले जाते. प्राध्यापक कक्षातील गप्पांत वेतन आयोगाच्या थकबाकीचे काय करावे हा विषय निघाला की 'एखादा फ्लॅट घेऊन ठेवा' हा सल्ला हमखास ऐकू येतो.

या सल्ल्यामागे एक वास्तव आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यात नव्याने रुजू होणाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू करण्यात आली. अखेरच्या वेतनाशी निगडित अशी निश्चित रक्कम आयुष्यभर मिळत राहील, हा पूर्वीच्या पिढीतील अध्यापकांचा भरवसा त्यामुळे पुढील पिढीस राहिला नाही. साहजिकच सदनिकेच्या भाड्याकडे पर्यायी निवृत्तिवेतन म्हणून पाहिले जाऊ लागले. परंतु ज्या व्यवहारात आयुष्यभराच्या बचतीचा मोठा भाग आणि पुढील वीस वर्षांचे वेतन गुंतते, तो केवळ ऐकीव सल्ल्यावर करणे योग्य नव्हे. म्हणूनच या विषयाची पद्धतशीर मांडणी आवश्यक वाटते.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) गृहबाजार इतर बाजारांहून वेगळा कसा आहे हे स्पष्ट करणे. (२) महाराष्ट्रातील संबंधित कायद्यांचा परिचय करून देणे. (३) घरापासून मिळणारा खरा परतावा काढण्याची रीत उदाहरणाने समजावणे. (४) खरेदीपूर्वी करावयाच्या तपासणीचा क्रम सांगणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. उदाहरणातील आकडे रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. कर व शुल्काचे दर वेळोवेळी बदलत असल्याने प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी ते पडताळून घ्यावेत.

३. गृहबाजाराची वैशिष्ट्ये

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील पूर्ण स्पर्धेचा बाजार आणि गृहबाजार यांत मूलभूत अंतर आहे. पूर्ण स्पर्धेत वस्तू एकजिनसी असते. येथे मात्र प्रत्येक घर वेगळे असते. एकाच इमारतीतील दोन सदनिकांची किंमतही मजला, दिशा व वाहनतळ यांनुसार बदलते. त्यामुळे 'या भागातील भाव' ही सरासरी असते आणि विशिष्ट सदनिकेचे मूल्य त्यावरून केवळ अंदाजानेच ठरते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पुरवठ्याची ताठरता. मागणी वाढली तरी नवीन इमारत उभी राहण्यास काही वर्षे लागतात. जमीन, परवानग्या आणि चटईक्षेत्र निर्देशांक यांची मर्यादा असते. म्हणून तेजीच्या काळात प्रथम किंमत वाढते व पुरवठा नंतर वाढतो. तो वाढून बाजारात येईपर्यंत मागणी ओसरली असेल, तर न विकलेल्या सदनिका साचतात. तेजीच्या शेवटच्या टप्प्यात खरेदी करणाऱ्यास याचा फटका बसतो.

तिसरे वैशिष्ट्य कर्जाशी संबंधित आहे. बहुतेक खरेदी कर्जाने होत असल्यामुळे व्याजदरातील चढउताराचा परिणाम मागणीवर होतो. पतपुरवठा आटला की बाजार थंडावतो. २०१६ मधील नोटाबंदी, २०१७ मध्ये लागू झालेले नवे नियमन व वस्तू आणि सेवा कर, तसेच २०१८ मधील बिगरबँक वित्तसंस्थांवरील संकट यांनंतर बांधकाम व्यवसायात आलेली मंदी हे याचे अलीकडचे उदाहरण होय. घरांच्या किमती केवळ वर जातात, ही समजूत त्या काळात अनेक ठिकाणी खोटी ठरली.

चौथे वैशिष्ट्य म्हणजे रोखतेचा अभाव. मुदत ठेव दिवसभरात मोडता येते. सदनिका विकण्यास मात्र कित्येक महिने लागू शकतात, आणि तिचा एखादा भाग विकून निकडीची गरज भागवता येत नाही. निवृत्तीच्या वयात आजारपणाचा खर्च उद्भवल्यास ही बाब कळीची ठरते.

पायाभूत सुविधांच्या घोषणांचा किमतींवर होणारा परिणामही लक्षात घ्यावयास हवा. नवी मुंबई विमानतळास केंद्राची मान्यता २००७ मध्ये मिळाली, पायाभरणी २०१८ मध्ये झाली आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. विमानतळ होणार हा अंदाज खरा ठरला. तरीही केवळ त्याच अपेक्षेने आरंभी परिसरात जागा घेणाऱ्याला दीड तपाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. अंदाज बरोबर असणे आणि गुंतवणूक फायद्याची होणे यांत काळाचे अंतर असते, आणि त्या काळातील व्याज गुंतवणूकदाराच्याच खात्यातून जाते.

४. कायदेशीर चौकट

महाराष्ट्रातील गृहबाजारावर भाडेनियंत्रणाची दीर्घ छाया राहिली आहे. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, पागडीची प्रथा रुजली आणि भाड्याने देण्यासाठी घरे बांधण्याचा उत्साह मावळला. त्यातून मालकी तत्त्वावरील सदनिकांना चालना मिळाली. या व्यवहारांतील गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम १९६३ मध्ये, तर संस्थांच्या कारभारासाठी सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये आला. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा बदल मानावा लागेल. त्यानुसार राज्यात महारेरा हे प्राधिकरण २०१७ मध्ये स्थापन झाले. ग्राहकाच्या दृष्टीने त्यातील ठळक तरतुदी अशा :

(अ) ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिका असलेल्या प्रकल्पाची नोंदणी केल्याखेरीज विक्री अथवा जाहिरात करता येत नाही.
(आ) ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकाम खर्चासाठी वापरावी लागते.
(इ) नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही.
(ई) विक्री चटईक्षेत्रावर करावी लागते. त्यात अंतर्गत भिंती धरल्या जातात. बाह्य भिंती, सज्जा व खुली गच्ची धरली जात नाही.
(उ) ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास तो विकासकाने स्वखर्चाने दूर करावयाचा असतो.
(ऊ) ताबा लांबल्यास ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागता येतात, अथवा प्रकल्पात राहून विलंबाचे व्याज मागता येते.

मात्र महारेराची नोंदणी म्हणजे प्रकल्प वेळेत पूर्ण होईल याची हमी नव्हे. नोंदणीमुळे माहिती उघड होते व दाद मागण्यास जागा मिळते. ती माहिती वाचण्याचे काम ग्राहकालाच करावे लागते.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी होते ती दस्ताची. विकणाऱ्याचा मालकी हक्क निर्दोष आहे, असे प्रमाणपत्र त्या नोंदणीने मिळत नाही. हक्काची छाननी करण्याची जबाबदारी खरेदीदारावर राहते. 'रजिस्ट्रेशन झाले म्हणजे काळजी मिटली' ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

५. परताव्याचे गणित

गुंतवणूक म्हणून घेतलेल्या घरापासून दोन मार्गांनी लाभ होतो. एक म्हणजे भाडे व दुसरा म्हणजे किंमतवाढ. पहिला लाभ आज मोजता येतो, तर दुसरा केवळ अपेक्षित असतो. नवखा गुंतवणूकदार बहुधा दुसऱ्यावर विसंबतो आणि पहिल्याचे गणित मांडत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्याच्या उपनगरात पुनर्विक्रीची एक सदनिका ५० लाख रुपयांस मिळते आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरल्यास ३ लाख ५० हजार रुपये, नोंदणी शुल्क ३० हजार रुपये, आणि दलाली, वकील, संस्थेचे हस्तांतरण शुल्क व किरकोळ दुरुस्ती मिळून १ लाख २० हजार रुपये होतात. म्हणजे एकूण गुंतवणूक ५५ लाख रुपये झाली. निवासी सदनिका महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, हे येथे नमूद करावेसे वाटते.

या सदनिकेचे भाडे दरमहा १३ हजार रुपये आहे. वार्षिक भाडे १ लाख ५६ हजार रुपये, म्हणजे गुंतवणुकीच्या सुमारे २.८ टक्के. हा ढोबळ परतावा झाला. आता वर्षातून एक महिना घर रिकामे राहते असे धरल्यास हाती १ लाख ४३ हजार येतात. त्यातून देखभाल शुल्क ३० हजार, मालमत्ता कर १२ हजार, रंगरंगोटी व दुरुस्तीची सरासरी १२ हजार आणि करारनामा व दलाली ९ हजार, असे ६३ हजार रुपये वजा जातात. शिल्लक ८० हजार रुपये राहते. म्हणजे निव्वळ परतावा १.४५ टक्के इतकाच पडतो.

हेच ५५ लाख रुपये दहा वर्षे ७ टक्के चक्रवाढ दराने ठेवल्यास सुमारे १०८ लाख रुपये होतात. सदनिकेचे निव्वळ भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले व तेही ७ टक्क्यांनी गुंतवले, तर दहा वर्षांत त्याचे सुमारे साडेतेरा लाख होतात. याचा अर्थ, ठेवीशी बरोबरी साधण्यासाठी सदनिका दहा वर्षांनी किमान ९४ ते ९५ लाखांस विकली गेली पाहिजे. म्हणजेच ५० लाखांच्या किमतीत दरसाल सुमारे ६.६ टक्के वाढ व्हावयास हवी. किंमत दरसाल ५ टक्के वाढल्यास विक्रीचे ८१ लाख व भाड्याचे साडेतेरा लाख मिळून ९५ लाख होतात, आणि सदनिका ठेवीच्या मागे पडते.

ही तुलना करपूर्व आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ठेवीच्या व्याजावर दरवर्षी कर बसतो, तर सदनिकेवरील भांडवली नफ्याचा कर विक्रीच्या वेळी द्यावा लागतो. घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावटही मिळते. त्यामुळे उच्च कर टप्प्यातील व्यक्तीच्या बाबतीत वरील अंतर बरेच कमी होते. तरीही 'जागेसारखा दुसरा फायदा नाही' हे विधान त्यातून सिद्ध होत नाही. फार तर दोन्ही पर्याय जवळजवळ सारखे ठरतात, आणि मग रोखता, जोखीम व त्रास यांचा विचार निर्णायक होतो.

६. कर्जाने घेतलेले घर

बहुसंख्य अध्यापक हा व्यवहार कर्जाने करतात. वरील उदाहरणात १५ लाख स्वतःचे व ४० लाख कर्ज असे धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जास मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांची मर्यादा असल्याने इतके कर्ज मिळू शकते. दर ८.५ टक्के व मुदत २० वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे ३४ हजार ७०० रुपये येतो. निव्वळ भाडे महिन्याला सुमारे ६ हजार ७०० रुपये. म्हणजे दरमहा सुमारे २८ हजार रुपये वेतनातून घालावे लागतात. पहिल्या वर्षी भरलेल्या ४ लाख १६ हजारांपैकी ३ लाख ३७ हजार रुपये केवळ व्याजाचे असतात.

'भाडेकरूच हप्ता फेडतो' हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. हप्त्याचा पाचवा भागही भाड्यातून निघत नाही. किंमत वेगाने वाढल्यास कर्जामुळे स्वतःच्या १५ लाखांवरील लाभ मोठा दिसतो हे खरे. परंतु किंमत स्थिर राहिल्यास तोटाही त्याच प्रमाणात मोठा होतो.

करसवलतीच्या आधारे हा तोटा भरून निघेल असे मानण्यातही सावधगिरी हवी. घरभाड्याच्या उत्पन्नातील तोटा वेतनातून वजा करण्यावर जुन्या करप्रणालीत वार्षिक २ लाखांची मर्यादा आहे. नव्या करप्रणालीत तो तोटा वेतनातून वजा करताच येत नाही. निवासी मालमत्ता २४ महिन्यांनंतर विकल्यास होणारा दीर्घकालीन नफा २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दराने, महागाई निर्देशांकाचा लाभ न देता, करपात्र ठरतो. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मालमत्तेबाबत निवासी व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्के दराने कर काढण्याचाही पर्याय ठेवण्यात आला आहे.

७. खरेदीपूर्वीची तपासणी

पहिली पायरी किमतीची. विक्रेत्याने सांगितलेली किंमत ही केवळ मागणी असते. प्रत्यक्षात कोणत्या किमतीस व्यवहार झाले, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ पाहून कळू शकते. त्याच इमारतीतील वा शेजारच्या इमारतींतील अलीकडचे चार-पाच व्यवहार पाहावेत. शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, ज्यांना व्यवहारात रेडी रेकनर म्हणतात, ते मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतात. बाजारभाव त्याहून कमी वा अधिक असू शकतो.

दुसरी पायरी हक्काची. मिळकत पत्रिका अथवा सातबारा उतारा, मागील सर्व दस्तांची साखळी आणि वकिलाकडून साधारणतः तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. इमारतीबाबत मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे का, हा प्रश्न अवश्य विचारावा. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात हीच बाब निर्णायक ठरते. विकासक टाळाटाळ करीत असल्यास मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग २००८ पासून उपलब्ध आहे. पुनर्विक्रीत भागदाखला व थकबाकी नसल्याचा संस्थेचा दाखला घ्यावा.

भूखंडाबाबत अधिक सावध राहावे. शेतजमीन खरेदी करण्यास राज्यात सामान्यतः शेतकरी असणे आवश्यक आहे, आणि तुकडेबंदी कायद्याचे निर्बंध आहेत. 'एक-दोन गुंठे घेऊन ठेवा, पुढे बिगरशेती होईल' या आश्वासनावर पैसे देणे म्हणजे परवानगीची जोखीम स्वतःच्या शिरावर घेणे होय. सातबाऱ्यावर अनेकांची सामाईक नावे असलेल्या भूखंडात सीमा कोणती, रस्ता कोणता, येथूनच वाद सुरू होतात.

तिसरी पायरी पैशाच्या देवघेवीची. ५० लाख वा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का कर कापून शासनाकडे भरावयाचा असतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास २०१५ पासून मनाई आहे. बांधकाम चालू असलेल्या निवासी सदनिकेवर वस्तू व सेवा कर लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतरच्या विक्रीवर तो लागत नाही. शासकीय महाविद्यालयांतील अध्यापकांनी वर्तणूक नियमांनुसार स्थावर मालमत्तेचा व्यवहार सक्षम प्राधिकाऱ्यास कळविणेही आवश्यक असते.

८. भाड्याने देताना

भाड्याने घर देण्याबाबत अनेकांच्या मनात जुन्या कायद्याची धास्ती असते. अनुज्ञप्ती करार, म्हणजे प्रचलित भाषेत लिव्ह अँड लायसन्स, लेखी व नोंदणीकृत असणे १९९९ च्या अधिनियमानुसार बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसल्यास करारातील अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. याउलट, नोंदणीकृत कराराची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो व दुप्पट दराने भरपाई मागता येते. थोड्या शुल्काची बचत करण्यासाठी साध्या कागदावर करार करणारा मालक कायद्याने दिलेले संरक्षण स्वतःच गमावतो. भाडेकरू ठेवल्यास संस्था सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क आकारू शकते, हेही हिशेबात धरावे.

९. अन्य पर्याय

स्थावर मालमत्तेत सहभागी होण्यासाठी संपूर्ण सदनिकाच घेतली पाहिजे असे नाही. सेबीने २०१४ मध्ये स्थावर संपदा गुंतवणूक न्यासांचे नियम केले आणि असा पहिला न्यास एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात सूचिबद्ध झाला. त्यांची युनिट्स अल्प रकमेत घेता येतात व बाजारात विकता येतात. त्यांचा भर मुख्यतः कार्यालयीन व व्यापारी इमारतींवर आहे आणि युनिट्सचे भाव बाजाराप्रमाणे खालीवर होतात. ते घराला पर्याय नव्हेत. परंतु भाड्याच्या उत्पन्नात वाटा हवा व रोखताही हवी, अशा गुंतवणूकदाराने त्यांचा अभ्यास करावा.

१०. निष्कर्ष

(१) राहते घर ही गरज आहे. तिचे मोल केवळ परताव्यात मोजता येत नाही. दुसरे घर मात्र गुंतवणूक असल्याने तिला गुंतवणुकीचेच निकष लावावेत.
(२) ढोबळ भाडे व निव्वळ भाडे यांतील फरक मोठा असतो. निर्णय निव्वळ भाड्यावर व एकूण खर्चावर आधारावा.
(३) दहा वर्षांत किती किंमतवाढ झाली तरच व्यवहार परवडेल, हा आकडा आधी काढावा आणि मग ती वाढ त्या भागात संभवते का हे तपासावे.
(४) राहत्या घराचे कर्ज, आरोग्यविमा व किमान सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद झाल्याशिवाय दुसऱ्या घराचे कर्ज घेऊ नये.
(५) महारेरा नोंदणी व दस्त नोंदणी ही संरक्षणाची साधने आहेत. हक्काच्या तपासणीची जागा ती घेत नाहीत.

११. समारोप

ज्या अध्यापकाला निवृत्तीनंतर निश्चित वेतनाचा आधार नाही, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न हौसेचा नसून उतारवयातील स्वावलंबनाचा आहे. पासष्टाव्या वर्षी रिकामी पडलेली सदनिका, फेडणे चालू असलेले कर्ज आणि बँकेत अपुरी शिल्लक अशी स्थिती उद्भवली, तर कागदावरील संपत्ती औषधाच्या दुकानात उपयोगी पडत नाही. उलट, पूर्ण तपासणी करून, परवडेल अशा कर्जात, भाड्याची खात्रीशीर मागणी असलेल्या ठिकाणी घेतलेले घर अनेक वर्षे आधार देऊ शकते. या दोहोंतील फरक पुष्कळदा खरेदीपूर्वीच्या काही आठवड्यांत ठरतो. विद्यार्थ्याच्या प्रबंधातील प्रत्येक आकड्याचा आधार विचारणाऱ्या अध्यापकाने आयुष्यातील सर्वांत मोठ्या खरेदीच्या वेळी तोच प्रश्न स्वतःलाही विचारावा, इतकीच या लेखामागील अपेक्षा आहे.